बेदाण्याच्या सौद्याचे सॉफ्टवेअर आणि मुक्तस्रोताचा पाया : छोट्या कंपनीने कुठवर जावे?

कृष्णाकाठ (सांगली), धागाकर्ता

आम्ही सहा जण सांगलीत विश्रामबागेत एक स्टार्टअप चालवतो. तासगाव आणि सांगलीच्या शीतगृहांत ठेवलेल्या बेदाण्याची नोंद, सौद्यात मिळालेला भाव आणि अडत, हमाली, तोलाई वजा जाता शेतकऱ्याच्या हाती पडणाऱ्या रकमेची पट्टी (हिशेबाचा कागद) हे सारे एकत्र सांभाळणारे सॉफ्टवेअर आम्ही बनवत आहोत. पाया कोणता घ्यावा यावरून आमच्यात तीव्र मतभेद झाले आहेत आणि जिल्ह्यातील इतर जाणकारांचे मत हवे म्हणून ते येथे मांडतो.

माझ्या मते पाया संपूर्ण मुक्तस्रोत असावा, म्हणजे ज्याचा मूळ प्रोग्राम (स्रोत) कुणालाही पाहता, वापरता आणि बदलता येतो असा. सर्व्हरवर डेबियन ही संगणक चालवणारी प्रणाली, डेटाबेस पोस्टग्रेस, प्रोग्रामचे लेखन पायथन भाषेत व तिच्या जँगो या साच्यात, कंपनीच्या स्वतःच्या हिशेबाला ईआरपीनेक्स्ट आणि कार्यालयात लिब्रेऑफिस. पैसे वाचतात हे खरे, पण माझे कारण वेगळे आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात गणपती पेठेतील माझ्या मामांच्या अडत दुकानात पाणी शिरले. हिशेबाचा बॅकअप त्यांनी वरच्या मजल्यावर ठेवलेला होता आणि तो वाचला. मात्र त्यांचे जुने सॉफ्टवेअर संगणकाला डोंगल (परवान्याची किल्ली असलेले छोटे उपकरण) लावल्याशिवाय उघडत नसे आणि ते डोंगल संगणकाबरोबर बुडाले. नवे डोंगल येईपर्यंत स्वतःच्याच दुकानाचा हिशेब मामांना वाचता आला नाही आणि पट्टीसाठी दारात आलेल्या शेतकऱ्यांना काय सांगावे हे त्यांना कळेना. आमच्या ग्राहकावर ती वेळ येऊ नये, एवढ्यासाठी मी हट्ट धरतो आहे.

दुसरे कारण मराठीचे. सुरुवातीला आम्ही वापरलेल्या एका साधनात पट्टी छापताना वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जात असे आणि ‘ज्ञानेश्वर’ हे नाव तर वाचवत नसे. आज अँड्रॉइड, क्रोम आणि लिब्रेऑफिस देवनागरीची जोडाक्षरे नीट जुळवतात ती हार्फबझ या मुक्तस्रोत साधनामुळे. आम्ही वापरतो तो मुक्ता हा टंक (फाँट) ‘एक टाइप’ या मुंबईच्या संस्थेने मुक्त परवान्याखाली दिलेला आहे. आपली भाषा कागदावर शुद्ध उमटावी यासाठीचे हे काम कुणालाही घेता येते, तपासता येते आणि चूक दिसली तर दुरुस्त करता येते.

दंडोबा (मिरज)

मामांच्या दुकानाचे वाचून वाईट वाटले. तरीही मी विरोधात लिहीत आहे, कारण दुसऱ्या बाजूची झळ मी सोसली आहे. पूर्वी मी कुपवाडच्या एका छोट्या कंपनीत होतो आणि आमचे सारे काम मुक्तस्रोतावर उभे होते. एका रात्री आम्ही काही लायब्ररी (इतरांनी लिहिलेले, आपल्या प्रोग्रामला जोडायचे तयार भाग) अपडेट केल्या आणि दुसऱ्या दिवशी, नेमक्या सौद्याच्या वेळी, पट्ट्या छापल्या जाईनात. चार तास अडते, हमाल आणि शेतकरी आमच्या नावाने ओरडत होते. फोन कुणाला लावायचा? ज्या लायब्ररीत दोष होता ती सांभाळणारा गृहस्थ हजारो मैल दूर, नोकरी सांभाळून फावल्या वेळात ते काम करत होता. तो आमचे काहीच देणे लागत नव्हता, आणि परवान्यात ‘कोणतीही हमी नाही’ हे ठळक लिहिलेले होते.

हा एकट्याचा अनुभव समजू नये. मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड नावाचा अकरा ओळींचा जावास्क्रिप्टचा तुकडा त्याच्या लेखकाने काढून घेतला आणि जगभरातील असंख्य प्रकल्पांची बांधणी थांबली. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या नोंदी ठेवणाऱ्या लायब्ररीतील सुरक्षेच्या भगदाडाने मोठमोठ्या कंपन्यांची झोप उडवली. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइल दाबून लहान करणाऱ्या साध्या साधनात चोरवाट (मुद्दाम ठेवलेला छुपा प्रवेश) सापडली. ती ठेवणाऱ्याने थकलेल्या एकट्या सांभाळकर्त्याचा विश्वास सुमारे दोन वर्षे कमावला होता. जँगोचा एक प्रकल्प उभा केला की त्यामागे डझनावारी अनोळखी लायब्ररी येतात. तुमच्या सहा जणांपैकी त्या कोण वाचणार आहे? शिवाय जे आज मुक्त आहे ते उद्या राहीलच असे नाही. सर्व्हर उभारण्याचे साधन टेराफॉर्म याने ऑगस्ट २०२३ मध्ये आणि रेडिस या डेटाबेसने मार्च २०२४ मध्ये परवाने बदलले. माझा सल्ला असा की जिथे बंद पडणे परवडणार नाही तिथे पैसे मोजून जबाबदारी विकत घ्यावी.

अजिंक्यतारा (सातारा)

दंडोबा यांच्या चार तासांबद्दल सहानुभूती आहे, परंतु त्या दिवशी चूक कुठे झाली हे त्यांच्याच वर्णनात आहे. सौद्याच्या आदल्या रात्री, चाचणीच्या यंत्रावर न तपासता अपडेट केले तर पैसे देऊन घेतलेले सॉफ्टवेअरही तसेच मोडते. लायब्ररींच्या तपासलेल्या आवृत्त्या बांधून ठेवणे, म्हणजे त्या आपोआप बदलू न देणे, ही शिस्त आहे आणि ती परवान्याबरोबर विकत मिळत नाही.

परवाना बदलण्याचा मुद्दा मात्र महत्त्वाचा आहे आणि त्याकडे नीट पाहायला हवे. परवाना पुढच्या आवृत्तीचा बदलतो. आधी मुक्तपणे दिलेली आवृत्ती परत घेता येत नाही. म्हणूनच टेराफॉर्ममधून ओपनटोफू आणि रेडिसमधून वाल्की ही स्वतंत्र रोपे लगेच उगवली, आणि रेडिसनेही मे २०२५ मध्ये आठव्या आवृत्तीला पुन्हा एजीपीएल हा मुक्त परवाना जोडला. आपण विचारायचे ते एवढेच की प्रकल्पाची मालकी एका कंपनीकडे आहे की अनेकांकडे. मायएसक्यूएल हा डेटाबेस २००८ मध्ये सन या कंपनीने सुमारे १ अब्ज डॉलरला घेतला, २०१० मध्ये सनसह तो ओरॅकल या कंपनीकडे गेला, आणि त्या धास्तीपोटीच त्याचे स्वतंत्र रोप मारियाडीबी जन्मले. पोस्टग्रेसचा उगम बर्कले विद्यापीठातील १९८६ च्या प्रकल्पात आहे, १९९६ पासून ते आजच्या नावाने ओळखले जाते, आणि एखाद्या कंपनीने ते विकत घ्यावे अशी त्याची रचनाच नाही. डेटाबेसची निवड करताना हा फरक मला किमतीपेक्षा मोठा वाटतो.

आणि एक्सझेडची चोरवाट कुणी पकडली? आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेसवर काम करणाऱ्या अभियंत्याने. सर्व्हरवर प्रवेश होताना सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा त्याने पिच्छा पुरवला. स्रोत उघडा होता म्हणून तो मुळापर्यंत जाऊ शकला.

दंडोबा (मिरज)

फ्रॉइंडसारखा माणूस जगात होता हे आपले नशीब. सांगलीतल्या सहा जणांच्या कंपनीने त्या नशिबावर व्यवसाय उभारावा का, हा माझा प्रश्न कायम आहे.

हिशेबनीस (विटा)

मी कंपन्यांचे हिशेब पाहतो, त्यामुळे फक्त एका गोष्टीपुरता विरोध नोंदवतो. १ एप्रिल २०२३ पासून कंपनी म्हणून नोंदलेल्या प्रत्येक संस्थेला असेच हिशेब सॉफ्टवेअर वापरावे लागते ज्यात प्रत्येक व्यवहाराच्या दुरुस्तीची तारखेसह नोंद राहते आणि ती नोंद बंद करता येत नाही. लेखापरीक्षकाला आपल्या अहवालात त्याबद्दल लिहावे लागते. हिशेबाच्या वह्यांचा रोजचा बॅकअप भारतातील सर्व्हरवर असणेही बंधनकारक आहे. ईआरपीनेक्स्ट चांगले आहे, ते मुंबईत घडले याचा मला अभिमानही आहे. पण तुम्हीच प्रोग्रामर, सर्व्हरही तुमचा आणि डेटाबेसचा पासवर्डही तुमच्याकडेच असेल, तर ‘नोंद बंद करता येत नाही’ हे परीक्षकाला कसे पटवून देणार? स्वतःच्या वह्यांसाठी तरी बाहेरच्या कुणाच्या ताब्यातील व्यवस्था घ्या, मग ती सशुल्क पॅकेज असो किंवा दुसऱ्याने चालवलेले ईआरपीनेक्स्ट.

कोयनातीर (कराड)

वाद सुरक्षिततेवर चालला आहे, पण परवान्यांच्या अटी कुणी वाचल्या आहेत का? पोस्टग्रेस आणि जँगोचे परवाने सैल आहेत, मूळ सूचना जपली की पुरे. जीपीएल या कडक परवान्याखालील भाग तुमच्या प्रोग्राममध्ये मिसळून तो शीतगृहाच्या संगणकावर बसवून दिलात, तर त्या ग्राहकाला संपूर्ण प्रोग्रामचा स्रोत मागण्याचा हक्क मिळतो, आणि तो पुढे तुमच्या स्पर्धकाला देण्यापासून तुम्ही त्याला अडवू शकत नाही. तेच सॉफ्टवेअर केवळ तुमच्या सर्व्हरवरून चालत असेल तर जीपीएलची ती अट लागू होत नाही, एजीपीएलची मात्र बदल केलेल्या प्रोग्रामला तिथेही लागू होते. मी हे उगाच सांगत नाही. पट्टीची पीडीएफ करायला बरेच जण घोस्टस्क्रिप्ट सहज जोडतात आणि ते एजीपीएलखाली आहे. तुम्ही काय जोडले आहे?

कृष्णाकाठ (सांगली), धागाकर्ता

कोयनातीर, आपला प्रश्न वाचून आम्ही रात्रीच सगळी यादी काढली. पीडीएफसाठी आम्ही वीझीप्रिंट वापरतो. त्याचा परवाना बीएसडी, म्हणजे सैल प्रकारचा आहे आणि ते अक्षरजुळणी हार्फबझकडूनच करून घेते, त्यामुळे पट्टी सुरक्षित आहे. पण फाइल लहान करण्यासाठी एकाने घोस्टस्क्रिप्ट जोडलेले निघाले. ते आम्ही काढून टाकत आहोत.

हिशेबनीस यांचे म्हणणे मला पूर्ण पटले. कंपनीच्या वह्या आमच्या सर्व्हरवर ठेवणार नाही.

पोस्टग्रेसबद्दल मात्र मी मागे हटत नाही. दंडोबा, तुमचा आग्रह जबाबदारीचा आहे आणि तो रास्त आहे. म्हणून पोस्टग्रेस आम्ही भारतातील एका सेवादाराकडून पैसे देऊन चालवून घेऊ, म्हणजे मध्यरात्री फोन लावायला माणूस असेल. उद्या त्याने दर वाढवले किंवा दुकान बंद केले, तर तोच डेटा उतरवून दुसऱ्याकडे किंवा आमच्याच खोलीतल्या यंत्रावर नेता येईल. मामांना डोंगलच्या वेळी नेमकी हीच सोय नव्हती.

दंडोबा (मिरज)

‘नेता येईल’ असे सगळेच म्हणतात. कधी नेऊन पाहिले आहे का?

कृष्णाकाठ (सांगली), धागाकर्ता

नाही. रविवारी सौदा नसतो. एका कोऱ्या यंत्रावर डेबियन घालून शनिवारचा बॅकअप उतरवतो आणि मागच्या आठवड्यातील दहा पट्ट्या छापून मूळ प्रतींशी ताडून पाहतो. किती वेळ लागला आणि कुठे अडलो, ते रविवारी रात्री येथेच लिहितो. तुम्ही मिरजेहून येणार असाल तर यंत्रासमोर तुम्हीच बसा.