पावसाळ्यात लॅब्रेडॉरचा वास, कान, गोचीड आणि वाढतं वजन

पुणे_लॅब:
पाच वर्षांचा नर लॅब्रेडॉर, नसबंदी झालेली, वजन ३९ किलो. पाऊस सुरू झाल्यापासून आठवड्यातून दोनदा आंघोळ घालतो, आमचाच सौम्य शाम्पू वापरतो, तरी दुसऱ्या दिवशी कुबट वास येतो. डावा कान सतत खाजवतो, आत तपकिरी मळ दिसतो. बोटांच्या बेचक्यात गोचिडी सापडतात. खाणं दोन वेळा दूध-पोळी आणि वर थोडे किबल (कुत्र्यांचं कोरडं, दाणेदार खाणं). फिरणं पावसामुळे कमी झालंय. सुरुवात कुठून करावी? केस बारीक करून घेतले तर फायदा होईल का?

केसाळ_मित्र:
केस मशीनने काढू नका. लॅब्रेडॉरला दोन थर असतात: वरचे राठ केस पाणी अडवतात, खालची दाट लव अंगाची ऊब धरते. मुळापासून कापलं की कधीकधी केस ठिगळासारखे परत येतात आणि उघडी कातडी उन्हात भाजते.

वास बहुतेकदा ओल्या लवेचा असतो, मळाचा नव्हे. वरून कोरडा दिसणारा कुत्रा आतून तासन्‌तास दमट राहतो आणि तिथे यीस्ट (एक प्रकारची बुरशी) आणि जिवाणू वाढतात. म्हणून धुण्यापेक्षा वाळवण्यावर मेहनत घ्या. आधी अंडरकोट रेकने (खालच्या लवेसाठीच्या लांब दात्यांच्या कंगव्याने) सुटलेली लव काढा. ती राहिली तर ओली होऊन गोळे बनतात. मायक्रोफायबर टॉवेल दाबून पाणी टिपा, घासू नका. मग पट्टा काढून ब्लोअर कोमट हवेवर, केसांच्या उलट दिशेने फिरवा. मान, काखा, पोट, शेपटीचं मूळ इथे केस फाकून कातडीला हाताची मागची बाजू लावा. गार लागली तर काम झालेलं नाही. याच जागांवर रातोरात लाल, चिकट चट्टा उठतो. त्यावर हळद-तेल थापू नका. केस चिकटून खाली पू साठतो.

माणसांचा शाम्पू आजच बंद करा. आपल्या कातडीचा पीएच (आम्लतेचं माप) साधारण ५.५, कुत्र्याचा बराचसा ७ च्या आसपास. कातडी निरोगी असेल तर तीन-चार आठवड्यांनी एक आंघोळ पुरे. बाहेरून आल्यावर नुसते पाय आणि पोट धुवा. कातडी तेलकट, लालसर असेल तर व्हेट (प्राण्यांचे डॉक्टर) क्लोरहेक्सिडीन-मायकोनाझोलचा जंतू-बुरशीनाशक शाम्पू देतात. तो अंगावर १० मिनिटं राहिला नाही तर पैसे वाया. घड्याळ लावूनच बसा.

कान_डोळे:
कानाबद्दल. कुत्र्याची कर्णनलिका आधी खाली उतरते आणि मग आडवी वळते, त्यामुळे इअरबडने मळ वळणावर ठासला जातो. पण आधी तपासणी. पडदा फाटलेला असेल तर काही थेंब आतल्या कानाला इजा करतात. डोकं एका बाजूला झुकत असेल किंवा तोल जात असेल तर घरी काहीच घालू नका.

तपकिरी मळ आणि आंबूस वास हे बहुधा यीस्टचं लक्षण; पिवळा-हिरवा, घाण वासाचा स्राव असेल तर जिवाणूंची शंका. डोळ्यांनी नक्की सांगता येत नाही, म्हणून काडीवर नमुना घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायला सांगा. जुन्या बाटलीतले थेंब वापरू नका.

व्हेटने सफाईचं औषध दिलं की कान वर धरून नलिका भरेपर्यंत ओता, कानाच्या मुळाशी अर्धा मिनिट चोळा, चुबुकचुबुक आवाज आला पाहिजे. त्याला डोकं झटकू द्या आणि बाहेर आलेलं फक्त कापसाने टिपा. हायड्रोजन पेरॉक्साइड नको. दोन्ही कान वारंवार बिघडत असतील आणि तो पंजेही चाटत असेल तर मूळ ॲलर्जीत शोधा.

गोचीड_बंदोबस्त:
चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. रॉकेल, पेटती काडी, बोटांनी चिरडणं टाळा. नुसत्या वेचण्याने मात्र संपणार नाही: पिल्लू अवस्थेपासून प्रत्येक टप्प्यावर रक्त पिऊन गोचीड खाली उतरते आणि मादी भिंतीच्या फटीत, पलंगामागे हजारो अंडी घालते. बिछाना गरम पाण्यात धुवा, फटी बुजवा.

फ्लुरालानरची गोळी सुमारे १२ आठवडे चालते, ॲफोक्सोलानर महिनाभर. वजनाच्या गटाप्रमाणेच घ्या. झटके येणाऱ्या कुत्र्याला व्हेटला विचारल्याशिवाय नको. गोळीने गोचीड चावल्यावर मरते, म्हणून अंगावर मेलेल्या दिसल्या तर औषध चालतंय असं समजा. घरात मांजर असेल तर परमेथ्रिन हे कीटकनाशक आणूच नका, मांजरांना ते विषारी असतं.

ताप, खाणं सोडणं, पांढुरक्या हिरड्या, नाकातून रक्त, पोटावर लाल ठिपके, कॉफीसारखी लघवी, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी रक्त तपासा, प्लेटलेट्ससह. एर्लिकिया आणि बबेसिया या गोचिडीतून होणाऱ्या दोन्ही आजारांत उशीर महागात पडतो. उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची लस दरवर्षी लागते, आणि साचलेलं पाणी त्याला पिऊ देऊ नका.

पुणे_लॅब:
धन्यवाद, मशीन रद्द. वजनाचं काय? त्याची भूक भागतच नाही.

केसाळ_मित्र:
ही भूक हट्ट नाही. बऱ्याच लॅब्रेडॉरमध्ये पीओएमसी या जनुकाचा तुकडा गळालेला असतो आणि पोट भरल्याचा संदेश कमी पोचतो. तेव्हा वाडगं बघून नव्हे, वजनकाट्यावर मोजून द्या.

लक्ष्य ३२ किलो धरू. विश्रांतीत लागणाऱ्या ऊर्जेच्या सूत्राने ३२ चा ०.७५ घात गुणिले ७० म्हणजे सुमारे ९४० किलोकॅलरी दिवसाला. पाकिटावर १०० ग्रॅमला ३५० किलोकॅलरी लिहिलं असेल तर २४० ग्रॅम किबल, आणि उरलेल्या सुमारे १०० मध्ये सगळा खाऊ. एक तेल लावलेली पोळी तेवढ्यातच संपते, त्यामुळे दूध-पोळी बंदच. भर म्हणून वाफवलेली फरसबी किंवा दुधी, मीठ-कांद्याविना. साधं किबल एवढं कमी केल्यावर पोषण अपुरं पडू शकतं, म्हणून वजन कमी करण्यासाठीचंच अन्न घ्या. आठवड्याला ४०० ग्रॅम उतरले तर योग्य. काहीच हललं नाही आणि केसही विरळ होत असतील तर थायरॉइड तपासा.

पावसात फिरणं चुकलं की नखंही झिजत नाहीत. फरशीवर टकटक वाजली तर टोकं कापा. काळ्या नखात एक-दोन मिलिमीटरचेच काप घ्या, कापलेल्या जागी मध्ये गोल ठिपका दिसला की थांबा.