सवाईला जाताना डब्यात काय न्यावं?

प्रश्न: यंदा आईला घेऊन सवाईला, म्हणजे पुण्याच्या सवाई गंधर्व शास्त्रीय संगीत महोत्सवाला जातेय. भीमसेनजींनी १९५३ साली गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेला हा महोत्सव तिला एकदा समोर बसून ऐकायचाय. बाहेरचं तिला सोसत नाही. मांडीवर धरून खाता येईल असं काय करू?

उत्तर: दशम्या करा. कणीक दुधातच भिजवायची, पाण्याचा थेंबही नको. डिसेंबरच्या गारठ्यातही मऊ राहतात. सोबत शेंगदाण्याची कोरडी चटणी. ख्याल चालू असताना मात्र डबा उघडू नका हो, झाकण वाजलं की जीव कळवळतो. पुढचा कलाकार वाद्यं लावेपर्यंत निवांत जेवण होतं.

उत्तर: गुळपापडीही न्या. आणि आईंसाठी शाल.

प्रश्नकर्ती: दशम्या ठरल्या! गूळ घालू का?

उत्तर: चटणीबरोबर बिनगुळाच्याच.