पहिलारू उस्मानाबादी शेळी, आज 147 वा दिवस : कळा कशा ओळखायच्या आणि हात कधी घालायचा?

माळावरचा_गोठा

नमस्कार मंडळी. उस्मानाबादी पाठ (तरुण शेळी) आहे, पहिलंच वेत. 12 जुलैला बोकड लावला, तारीख वहीत लिहिलेली आहे. म्हणजे आज 6 डिसेंबरला 147 दिवस भरले. वजन तीसेक किलो, पोट दोन्ही अंगांनी सुटलंय, जुळं असावं असा अंदाज. कालपासून कास घट्ट आहे. सकाळी मागून पांढरट, शेंबडासारखं थोडं आलं. मधूनच उठते, बसते, पण चारा खाते आणि रवंथही करते.

डॉक्टरांना यायला दीड तास लागतो, रात्री त्याहून जास्त. म्हणून आधीच विचारतो. ह्या कळा आहेत का? शेळी अडली हे नेमकं कधी म्हणायचं? जवळ काय काय काढून ठेवू? गावात एक जण म्हणतात, कळा मंद असतील तर मेडिकलमधून इंजेक्शन आणून द्या, लगेच मोकळी होते. ते द्यावं का?

शेळी_बारामाही

दादा, चारा खाऊन रवंथ करतेय म्हणजे अजून कळा नाहीत. पांढरट चिकट आलं ते गर्भाशयाच्या तोंडावरचं बूच सुटायला लागल्याचं लक्षण. ते विण्याच्या दोन-चार दिवस आधीही सुटतं. शेळीचे दिवस सरासरी 150 धरतात, 145 ते 155 मध्ये कधीही विते, आणि जुळं असेल तर बहुधा एक-दोन दिवस आधीच.

कासेवर फार विसंबू नका. पहिलारूची कास कधी महिनाभर आधीच भरते, कधी व्याल्यावरच उतरते. त्यापेक्षा शेपटीजवळ हात लावून बघा. शेळी उभी असताना पाठीच्या कण्यावर तळहात ठेवून शेपटीकडे सरकवा. शेपटीच्या मुळाच्या थोडं वर, कण्याच्या दोन्ही बाजूंना अंगठा आणि बोट दाबलं की पेन्सिलएवढ्या जाड, ताठ दोऱ्या लागतात. विणं जवळ आलं की त्या सैल होत जातात. पूर्ण गेल्या की तिथे खड्डे पडतात, शेपटी उचललेली दिसते आणि अंगठा व बोट कण्याखाली जवळजवळ एकमेकांना भेटतात. तसं झालं की बहुधा 24 तासांत विते. सकाळ-संध्याकाळ हात लावत राहा, म्हणजे फरक हाताला कळेल. आज पहिल्यांदाच दाबलं तर काहीच समजायचं नाही.

मग खऱ्या कळा. शेळी कळपातून बाजूला होते, कोपरा धरते, पुढच्या पायाने जमीन उकरते, वळून कुशीकडे बघते, हळू आवाजात ओरडते. रवंथ थांबतो. निरण (योनीचं बाहेरचं तोंड) सुजून सैल पडते. पांढरट स्रावाच्या जागी मधासारखी पिवळसर, लांब लोंबणारी तार दिसली की काही तासांचा प्रश्न. या अवस्थेत गर्भाशयाचं तोंड उघडत असतं. पहिलारूला यात 12 तासही जातात आणि ते बिघडलेलं नसतं. या काळात हात लावायचा नाही, भोवती माणसं गोळा करायची नाहीत, कुत्रं लांब बांधायचं. गर्दी झाली की शेळी कळा आवरून धरते.

पशुवैद्यक_मराठवाडा

वर सांगितलेलं बरोबर आहे. पुढचं घड्याळ बघून करा. अंदाजाने नको. दोन वेळा लिहून ठेवा : पाणमोट (पिल्लाभोवतीची पाण्याची पिशवी) कधी दिसली किंवा फुटली, आणि शेळी आडवी पडून, पाय ताणून, ओरडत जोर कधी करायला लागली.

जोर सुरू झाल्यावर अर्ध्या तासात काहीच पुढे सरकलं नाही, तर तपासायची वेळ झाली. पाणमोट फुटून तास झाला आणि काहीच दिसत नाही, तरी तेच. पाय किंवा नाक बाहेर दिसतंय पण 15-20 मिनिटं तिथेच अडकलंय, तरी तेच. पहिलारू आहे म्हणून जोर सुरू झाल्यानंतरही दोन-तीन तास वाट बघणारे पुष्कळ असतात. तोवर पाणी संपून वाट कोरडी पडते आणि करडू आतच गुदमरतं. पहिलारूला सवलत तोंड उघडण्याच्या टप्प्यात आहे, जोर करण्याच्या टप्प्यात नाही.

तुमच्याकडे डॉक्टरांना दीड तास लागतो, तर अर्धा तास भरायची वाट बघू नका. जोर सुरू झाला की फोन करून सांगून ठेवा. 1962 हा टोल फ्री क्रमांकही हाताशी असू द्या, फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी तो लागतो.

इंजेक्शनबद्दल स्पष्ट सांगतो : स्वतःच्या मनाने अजिबात देऊ नका. कळा वाढवणारं ते औषध गर्भाशय जोरात आवळतं. तोंड उघडलेलं नसेल, पिल्लाची मान मागे वळलेली असेल किंवा गर्भाशयाला पीळ असेल, तर बाहेर पडायला वाटच नसते. करडू दाबून मरतं आणि गर्भाशय फाटू शकतं. तोंड उघडलंय आणि पिल्लू सरळ आहे हे हाताने तपासल्यावरच ते द्यायचं असतं, आणि तो निर्णय डॉक्टरांचा. कळा मंद असण्याचं कारण कॅल्शियमची कमतरता असेल तर उपाय वेगळाच असतो. शेळी सुस्त पडली, कान गार लागले, उठेना, तर ती "आळशी" नाही, आजारी आहे. लगेच दाखवा.

माळावरचा_गोठा

डॉक्टर, ताई-दादा, आभार. इंजेक्शनचा विचार सोडला. आत्ता शेपटीजवळ दाबून पाहिलं. दोऱ्या लागतात, पण मऊ झाल्यात. तपासायची वेळ आलीच आणि डॉक्टर वाटेत असतील, तर आत हात घालून काय शोधायचं? पुढचा पाय आणि मागचा पाय हाताला वेगळा कसा कळतो?

पशुवैद्यक_मराठवाडा

आधी हात. नखं मुळापासून कापा, अंगठी-बांगडी काढा, कोपरापर्यंत साबणाने धुवा, लांब हातमोजा घाला. शेळीचं मागचं अंग कोमट पाण्यात पोव्हिडोन आयोडिन टाकून धुवा. वंगणासाठी लिक्विड पॅराफिन आणून ठेवा. साबण घासून हात घालू नका, आतली त्वचा कोरडी पडते. तीस किलोच्या उस्मानाबादी शेळीत मोठा हात जात नाही, म्हणून घरातला सगळ्यात लहान हात ज्याचा असेल त्याने घालावा. मात्र गरोदर बाईने हे काम करू नये, वारेला (पिल्लामागून पडणारा जार) आणि पाण्यालाही हात लावू नये. ब्रुसेलासारखे गर्भपात घडवणारे रोग शेळीकडून माणसाला याच वाटेने होतात. मोज्याचा आग्रह सगळ्यांनाच आहे.

पाची बोटं चोचीसारखी जुळवून, कळ ओसरली की आत सरकवा. कळ आली की हात जिथे असेल तिथे थांबवा, ढकलू नका. आत घट्ट कडी लागली आणि एक-दोन बोटांपुढे काही जात नसेल, तर तोंड उघडलेलं नाही. हात काढून घ्या, ओढाताण करू नका. त्याला डॉक्टरच हवेत, वेळ पडली तर पोट उघडून करडू काढावं लागतं.

सरळ पिल्लात दोन खूर आणि त्यांच्यावर टेकलेलं नाक लागतं, खुरांचे तळवे जमिनीकडे. तळवे आभाळाकडे असतील तर बहुधा मागचे पाय. पण तेवढ्यावर थांबू नका, पाय चाचपत वर जा. खुरापासून पहिला सांधा वाकवा, मग दुसरा. दोन्ही एकाच दिशेला वाकले तर पुढचा पाय, पहिला एका बाजूला आणि दुसरा उलट बाजूला वाकला तर मागचा. मागच्या पायाच्या दुसऱ्या सांध्यावर मागे टोकदार हाडही लागतं. दोन पाय सापडले म्हणून ओढायला लागू नका. जुळं असताना एक पाय एकाचा आणि दुसरा दुसऱ्याचा निघतो. प्रत्येक पायावरून बोटं सरकवत अंगापर्यंत जा आणि दोन्ही एकाच छातीला जोडलेत याची खात्री करा.

सरळ असेल, फक्त घट्ट असेल, तर वंगण भरपूर घाला, खुरामागच्या सांध्याच्या वर धरा आणि शेळी जोर करेल तेव्हाच ओढा. दिशा सरळ मागे नको, मागे आणि खाली, शेळीच्या टाचांकडे. एक पाय थोडा पुढे, मग दुसरा, असं आलटून-पालटून ओढलं की खांदे तिरके होऊन सुटतात. कळ थांबली की तुम्हीही थांबा. एका माणसाच्या दोन हातांपेक्षा जास्त जोर लागत असेल तर आत काहीतरी चुकीचं आहे.

दोन पाय आहेत आणि डोकं नाही, म्हणजे मान मागे वळली आहे. इथेच सगळ्यात जास्त नुकसान होतं, कारण पाय दिसले की लोक ओढतात आणि मान आणखी अडकते. पाय न ओढता, दोन कळांच्या मधल्या वेळात छातीवर तळवा ठेवून पिल्लू हळूच आत ढकला, जागा झाली की डोकं शोधून जबड्याला धरून समोर आणा. दोन प्रयत्नांत जमलं नाही तर थांबून डॉक्टरांची वाट बघा. नुसती शेपटी लागली आणि पायच नाहीत, तरी नवख्याने हात घालू नये. आतले पाय वर घेताना खूर तळहातात झाकला नाही तर गर्भाशयाला भोक पडतं.

दोन्ही मागचे पाय आधी येत असतील तर पिल्लू फिरवायच्या नादी लागू नका, तसंच निघतं. मात्र कंबर बाहेर आली की थांबू नका. नाळ आत दाबली जाते आणि डोकं अजून पाण्यात असतं, म्हणून उरलेलं अंग पटकन काढायचं.

करडू_संगोपन

जवळ काय ठेवायचं ते राहिलं. जुनी सुती फडकी किंवा धुतलेलं पोतं, टिंक्चर आयोडिन, उकळलेला दोरा आणि कात्री, थर्मामीटर, 60 वॅटचा बल्ब, बाटली आणि निपल. डिसेंबरात थंडी आहे, तेव्हा जमिनीवर कडब्याचं किंवा तुरीच्या भुसकटाचं कोरडं अंथरूण जाड घाला. ओलं करडू थंड फरशीवर पडलं तर तासाभरात गार होतं.

करडू पडलं की पहिलं काम नाक-तोंड पुसणं. शिंकलं, डोकं हलवलं की बरं. श्वास लागत नसेल तर नाकपुडीत गवताची काडी फिरवा आणि छाती फडक्याने जोरात चोळा. पाय धरून गरागरा फिरवू नका, डोकं खाली करून दोन-तीन क्षण धरलं तरी पुरतं. मग आईच्या तोंडापुढे ठेवा. पहिलारू कधी घाबरून मागे सरते, तेव्हा तिच्या नाकाला तोच चिकट द्रव लावा, चाटायला लागते.

नाळ आपोआप तुटून रक्त येत नसेल तर बांधायची गरज नाही. लांब असेल तर पोटापासून दोन इंचांवर बांधून पुढे कापा. बाटलीच्या झाकणात टिंक्चर घेऊन नाळ त्यात मुळापर्यंत बुडवा. नुसता बोळा फिरवला तर बुडखा कोरडाच राहतो. बारा तासांनी पुन्हा एकदा. करडांचे सांधे सुजतात तो संसर्ग बऱ्याचदा नाळेतूनच शिरतो.

चीक (व्याल्यावरचं पहिलं घट्ट दूध) पहिल्या तासाभरात पोटात गेलाच पाहिजे. आधी दोन्ही सड पिळून तोंडाची गुठळी काढा आणि धार मोकळी आहे ना बघा. गुठळी राहिली तर करडू चोखत राहतं, पोटात काहीच जात नाही, आणि लांबून वाटतं पितंय. 24 तासांत वजनाच्या किमान दहावा भाग चीक हवा, म्हणजे दोन किलोच्या करडाला 200 मिली, चार-पाच वेळा करून. जुळ्यातलं लहान मागे ढकललं जातं, त्याला आधी लावा. करडाच्या तोंडात बोट घालून पाहा. तोंड गार असेल आणि अंगाचं तापमान 37 अंश सेल्सियसच्या खाली असेल तर आधी ऊब, मग चीक. गार पडलेल्या करडाला गिळता येत नाही, चीक फुप्फुसात जातो.

जुना_गोठा

वार लटकत राहिली तर तिला दगड बांधायचा, वजनाने आपोआप पडते. आमच्याकडे हीच पद्धत.

पशुवैद्यक_मराठवाडा

काका, ही पद्धत सोडा अशी हात जोडून विनंती. वार गर्भाशयाला बटणांसारख्या गाठींनी चिकटलेली असते, ती आतून सुटावी लागते. दगडाने ओढली तर तुटून अर्धी आत कुजते, कधी गर्भाशयच उलटं बाहेर येतं. वार बहुधा चार तासांत पडते. 12 तासांत पडली नाही तर डॉक्टरांना बोलवा, तोवर लोंबणारा भाग फार लांब असेल तर तिचीच गाठ मारून वर घ्या, म्हणजे पायात येणार नाही. पडलेली वार मोज्याने उचलून, चुना टाकून खोल पुरा. कुत्र्याला टाकू नका.

माळावरचा_गोठा

एक शेवटचं. पहिलं करडू पडल्यावर आत दुसरं आहे की वार, हे हात न घालता कळतं का? आणि शेळीला लगेच खायला काय देऊ?

शेळी_बारामाही

कळतं. शेळीच्या मागे वाका, दोन्ही हात पोटाखालून कासेच्या पुढे धरा आणि पोट झटकन थोडं वर उचला. आत करडू असेल तर हाडाळ, टणक काहीतरी हाताला ठक्कन लागतं. रिकामं असेल तर पोट पिठाच्या थैलीसारखं लिबलिबीत वाटतं. दोन करडांत 10 ते 30 मिनिटं जातात. तास झाला, टणक लागतंय आणि शेळी जोरही करत नाही, तर फोन करा.

खायला आधी कोमट पाणी, बादलीभर, त्यात मूठभर गूळ आणि चिमूट मीठ. मग सुका चारा आणि थोडा हिरवा पाला. भरडा पहिल्या दिवशी ओंजळभरच, पुढे आठ-दहा दिवसांत वाढवत न्या. एकदम पोटभर धान्य घातलं तर पोट आंबतं. लालसर-तपकिरी स्राव दोन-तीन आठवडे येतो, त्याला घाण वास आला किंवा शेळी चारा सोडून बसली तर दाखवा. आत हात घातला असेल तर वास यायची वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडून औषध घालून घ्या.

आणि वहीत आत्ताच लिहा : पुढच्या वेताला, विण्याच्या महिनाभर आधी आंत्रविषाराची (आतड्यात विष तयार होण्याच्या रोगाची) लस. ती आईला दिली की चिकातून करडाला संरक्षण मिळतं. या वेळी 147 व्या दिवशी त्याचा उपयोग नाही.