पंधरा हजारांतला फोन : हार्डवेअर पुरेसे आहे की नाही, हे घेण्याआधी कसे ओळखावे?

सातपुडा_पायथा (यावल तालुका)

नमस्कार मंडळी.

मी यावल तालुक्यात केळी आणि थोडा कापूस करतो. सध्याचा फोन अडीच वर्षांपूर्वी घेतला. खोक्यावर 'ऑक्टा-कोर', '५० मेगापिक्सेल' आणि '४+४ जीबी रॅम' असे ठळक छापलेले होते, आणि दुकानदाराने 'भाऊ, पाच वर्षे बघायचे काम नाही' अशी हमी दिली होती. दीड वर्षातच त्याची अशी गत झाली की व्यापाऱ्याने वजनाची चिठ्ठी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली, तर ती उघडेपर्यंत केळीची गाडी फाट्यावर पोहोचलेली असते. सर्वांत जास्त त्रास ई-पीक पाहणीच्या वेळी झाला. पिकाचा फोटो घेण्यासाठी कॅमेरा उघडला, की परत येईपर्यंत अ‍ॅप पहिल्या पानावर गेलेले असायचे आणि गट क्रमांकापासून सगळे पुन्हा भरावे लागायचे. एका गटासाठी मी भर उन्हात बांधावर चार वेळा हा प्रकार केला.

आता पंधरा हजारांपर्यंत नवा फोन घ्यायचा आहे. फोनवर बोलणे, व्हॉट्सअ‍ॅप, यूपीआय, केळीचे भाव पाहणे, नकाशा, पीक पाहणी आणि संध्याकाळी मुलीचे व्हिडिओ तास एवढाच वापर आहे. गेम कोणी खेळत नाही. मला एखाद्या मॉडेलचे नाव नको, कारण सहा महिन्यांत ते दुकानातून जाते. फोनच्या आत काय आहे ते पाहून 'हा आपल्या रोजच्या कामाला पुरेल' असे ठरवायचे कसे, हे कोणी समजावून सांगेल काय?

सोल्डरगन (जळगाव)

भाऊ, मी बारा वर्षे मोबाइल दुरुस्ती करतो आणि तुमच्यासारखी तक्रार घेऊन आठवड्याला दहा-पंधरा जण तरी येतात. त्यांतल्या बहुतेकांना प्रोसेसर बिघडला आहे असे वाटते, पण फोन उघडून पाहिला तर बिघडलेले काहीच नसते. तो पहिल्या दिवसापासूनच तोकडा असतो.

आधी तुमच्या पीक पाहणीचा उलगडा करतो. कॅमेरा उघडताना फोनला एकदम बरीच रॅम, म्हणजे चालू अ‍ॅप धरून ठेवणारी तात्पुरती स्मृती, लागते. ती शिल्लक नसेल, तर मागे उघडे असलेले अ‍ॅप अँड्रॉइड स्वतःच बंद करते, आणि तुम्ही परत येता तेव्हा ते नव्याने सुरू होते. म्हणून भरलेली माहिती जाते. अ‍ॅपने ती आधीच जपून ठेवायला हवी हे खरे, पण रॅम पुरेशी असती तर ही वेळ बहुधा आली नसती. खोक्यावरच्या '४+४' मधले दुसरे चार रॅम नव्हेतच. ती साठवणुकीतली जागा असते, जी रॅम भरल्यावर उसनी वापरली जाते, आणि तिचा वेग खऱ्या रॅमच्या जवळपासही नसतो. त्यामुळे अधिक चिन्हाच्या उजवीकडचा आकडा वाचूच नका. डावीकडे ६ असावेत, ८ मिळाले तर उत्तम. ४ जीबीचा फोन आज तुमच्या कामासाठी मी कोणालाही सुचवणार नाही.

आता जी गोष्ट खोक्यावर सहसा छापलेली नसते आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची आहे, ती सांगतो : साठवणूक कोणत्या प्रकारची आहे. स्वस्त फोनमध्ये ईएमएमसी असते आणि थोड्या वरच्या फोनमध्ये यूएफएस. दोन्हींवर '१२८ जीबी' असेच लिहिलेले असते, म्हणून गिऱ्हाइकाला फरक कळत नाही. ईएमएमसी ५.१ ची कमाल मर्यादा सेकंदाला ४०० एमबी आहे, तर यूएफएस २.२ प्रत्यक्षात हजाराच्या आसपास जाते. पण नुसत्या वेगापेक्षाही मोठा फरक असा, की ईएमएमसी एका वेळी एक तर वाचते किंवा लिहिते, आणि यूएफएस दोन्ही कामे एकाच वेळी करते. एकाच पदरी रस्त्यावर समोरून ट्रॅक्टर आला तर आपल्याला कडेला थांबावे लागते, तसे ईएमएमसीचे आहे. मागे प्ले स्टोअर अ‍ॅप अपडेट करत असते, व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुपमधले फोटो उतरत असतात, आणि त्याच वेळी तुम्ही यूपीआय उघडून गिऱ्हाइकासमोर गोल चक्र पाहत उभे राहता. पुढे साठवणूक भरत जाते तशी ती लिहायला आणखी मंदावते, म्हणून पहिल्या महिन्यात झकास वाटलेला फोन दीड वर्षाने रडतो. उसनी रॅमही याच साठवणुकीतून येत असल्यामुळे ईएमएमसीच्या फोनमध्ये ती चालू ठेवणे म्हणजे त्याच अरुंद रस्त्यावर आणखी एक बैलगाडी घालणे आहे. सेटिंगमध्ये जाऊन ती बंद करून पाहा.

कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलच्या तपशिलात 'यूएफएस' हा शब्द शोधा. तिथे साठवणुकीचा प्रकारच लिहिलेला नसेल, तर तो ईएमएमसी आहे असे धरून चाला. यूएफएस असती तर जाहिरातीत सांगितल्याशिवाय ते राहिले नसते.

प्रोसेसरबद्दल थोडक्यात. 'ऑक्टा-कोर' म्हणजे आठ कोर, म्हणजे प्रोसेसरमधली काम ओढणारी आठ एकके, पण आठही लहान असू शकतात. हेलिओ जी३५ या चिपमध्ये आठही कोर ए५३ या जुन्या, लहान जातीचे आहेत. डायमेन्सिटी ६३०० मध्ये दोन मोठे ए७६ आणि सहा लहान ए५५ आहेत, आणि स्नॅपड्रॅगन ४ जेन २ मध्ये दोन मोठे ए७८ आणि सहा लहान ए५५. अ‍ॅप उघडण्यासारखे घाईचे काम ते दोन मोठे कोरच ओढतात. म्हणून कोर किती हे विचारू नका, मोठे कोणते आणि किती हे विचारा. चिप किती नॅनोमीटरची आहे, म्हणजे तिची घडण किती बारीक आहे, तेही पाहा : १२ ची जुनी चिप त्याच कामाला जास्त बॅटरी खाते आणि जास्त तापते, ६ किंवा ४ ची असेल तर आपल्याकडच्या उन्हात बराच फरक पडतो.

तापीकाठचा_गार्ड (भुसावळ)

सोल्डरगन यांनी उन्हाचा विषय काढला म्हणून लिहितो, कारण माझी नोकरी उघड्यावरची आहे आणि मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेलेला असताना फोन वापरणे म्हणजे काय, हे मला चांगले ठाऊक आहे.

पहिली गोष्ट पडद्याची. जाहिरातीत पडद्याच्या उजेडाचा जो मोठा आकडा असतो, तो अनेकदा पडद्याच्या लहानशा भागात आणि थोड्याच वेळासाठी मिळणारा असतो. 'हाय ब्राइटनेस मोड' चा किंवा नेहमीच्या वापरातला आकडा वेगळा दिलेला असेल तर तो पाहावा. त्याहून खात्रीचा उपाय असा, की डेमोचा फोन हातात घेऊन दुकानाच्या दारात, उन्हात, दोन मिनिटे उभे राहावे आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचा बारीक मजकूर वाचून पाहावा. दुकानदार नाराज झाला तर होऊ द्यावा.

दुसरी गोष्ट तापण्याची. लिथियम बॅटरी साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज होऊ नये अशी रचना असते, म्हणून फोन तापला की तो चार्जिंग मंद करतो किंवा थांबवतो, पडदा अंधुक करतो आणि प्रोसेसरचा वेगही उतरवतो. मोटारसायकलच्या डिकीत ठेवलेला माझा फोन दुपारी बाहेर काढला, तर पहिली दहा मिनिटे पडदा इतका मंद असतो की आलेला फोन कोणाचा हे तळहाताची सावली करून वाचावे लागते. हा दोष नव्हे, बॅटरी वाचवण्याची सोय आहे. पण जो फोन मुळातच जास्त तापतो, तो आपल्या भागात वर्षातले तीन महिने अर्ध्या ताकदीनेच चालतो. आमच्याकडे दोन फोन एकाच किमतीचे होते. १२ नॅनोमीटरचा व्हिडिओ कॉलवर वीस मिनिटांत चटका द्यायचा, ६ चा कोमट राहायचा.

सातपुडा_पायथा

दोघांचेही आभार. डिकीचा अनुभव अगदी माझाच आहे. मी आजवर फोनलाच शिव्या देत होतो. आणखी एक शंका : आमचे शेत पायथ्याशी आहे आणि तिथे नेटवर्क जेमतेम एक काडी असते. फाइव्ह-जी फोन घेऊन काही फायदा आहे, की ते पैसे रॅमवर घालवावेत?

एकवीरा_रोड (धुळे)

मी अभियांत्रिकी महाविद्यालयात दूरसंचार शिकवतो, म्हणून या एका प्रश्नाचे उत्तर देण्याचा अधिकार घेतो.

'फाइव्ह-जी आहे' एवढ्याने काही कळत नाही. कोणते बँड, म्हणजे वारंवारितेचे पट्टे, आहेत ते पाहावे लागते. ३३०० मेगाहर्ट्‌झचा एन७८ हा बँड वेगवान आहे, पण दूर पोहोचत नाही आणि भिंतीत अडतो, म्हणून तो शहरात कामाचा. ७०० मेगाहर्ट्‌झचा एन२८ हा मात्र लांबवर जातो, आणि आपल्याकडे फाइव्ह-जीसाठी तो जिओ वापरते. म्हणून तुमच्या शेतात जिओ चालत असेल तर एन२८ नसलेला फोन घेऊ नये. तसेच जिओने फाइव्ह-जी सुरुवातीपासून स्वतंत्र म्हणजे एसए पद्धतीने उभारले, तर एअरटेलची सुरुवात फोर-जीच्या आधारावर चालणाऱ्या एनएसए पद्धतीने झाली. काही स्वस्त फोन फक्त एसए चालवतात, तेव्हा एअरटेलचे कार्ड असेल तर हा तपशील आवर्जून विचारावा.

जिथे एकच काडी येते तिथे फोर-जीचे कमी वारंवारितेचे बँडच अब्रू राखतात. जिओसाठी ८५० चा बँड ५ पाहावा आणि बीएसएनएल असेल तर ७०० चा बँड २८. ही यादीही कंपनीच्या तपशिलात असते.

जाता जाता एक गोष्ट, जी कोणी तपासत नाही : फोनमध्ये होकायंत्र आणि जायरोस्कोप (फोन कसा वळला हे ओळखणारा सेन्सर) खरोखर आहेत का? होकायंत्र नसेल तर नकाशावरचा निळा बाण तुम्ही चालू लागेपर्यंत तोंड कुठे आहे हे सांगू शकत नाही, आणि शिवारात चौफुलीवर उभे असताना नेमके तेच हवे असते. माझ्या मेहुण्याच्या फोनमध्ये जवळिकीचा, म्हणजे फोन कानाला लावला की पडदा बंद करणारा, खरा सेन्सरही नव्हता, सॉफ्टवेअरने भागवले होते. बोलताना गालाने 'म्यूट' दाबले जायचे आणि तो पाच-पाच मिनिटे एकटाच बोलत राहायचा. सासरी त्याला अजून त्यावरून चिडवतात.

जुनं_ते_सोनं (शहादा)

इतका काथ्याकूट करण्यापेक्षा तीन वर्षांपूर्वीचा महागडा फोन पंधरा हजारांत जुना घ्यावा, असे माझे मत आहे. त्याची चिप, साठवणूक आणि कॅमेरा यांपैकी कशाचीही बरोबरी आजचा नवा स्वस्त फोन करणार नाही.

सोल्डरगन

शहाद्याच्या भाऊंचे म्हणणे चिपपुरते बरोबर आहे आणि शहरातल्या माणसाला मी कदाचित तेच सांगितले असते. पण तीन वर्षे वापरलेली बॅटरी पाच-सातशे वेळा भरून झालेली असते, तिची धारणा उतरलेली असते, आणि अस्सल बॅटरी व पडदा मिळवायला मलाच पुण्या-मुंबईला निरोप धाडावे लागतात. सुरक्षेची अपडेट थांबण्याच्या बेतात असतात, आणि यूपीआय चालवणाऱ्याने तिकडे दुर्लक्ष करू नये. तरीही कोणी जुना घेणारच असेल, तर पैसे देण्याआधी *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, पाहावा आणि 'केवायएम' लिहून, एक जागा सोडून तो क्रमांक १४४२२ वर एसएमएस करावा. फोन काळ्या यादीत असेल तर लगेच कळते.

कॅमेऱ्याबद्दल कोणी विचारले नाही म्हणून एकच वाक्य : ५० मेगापिक्सेलचा सेन्सर नेहमीच्या फोटोत चार ठिपक्यांचा एक करून साडेबारा मेगापिक्सेलचेच चित्र देतो, आणि मागचे २ मेगापिक्सेलचे भिंग हे गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी असते.

सातपुडा_पायथा

मंडळी, काल जळगावला जाऊन आलो. घरून निघतानाच कंपन्यांच्या संकेतस्थळांवरून पाच मॉडेल कागदावर उतरवून घेतली होती. त्यांतल्या दोनांच्या तपशिलात साठवणुकीचा प्रकार लिहिलेलाच नव्हता, ती तिथेच खोडली. तिसऱ्याला एन२८ नव्हता. उरलेल्या दोघांचे डेमो फोन दुकानात होते. मी मालकाच्या परवानगीने दोन्हींवर प्ले स्टोअरमधून एक मोठे अ‍ॅप उतरायला लावले आणि ते चालू असतानाच व्हॉट्सअ‍ॅपवर अर्धा संदेश लिहून कॅमेरा उघडला, फोटो काढला आणि परत आलो. दोन्हींत संदेश जागेवर होता. मग दोन्ही घेऊन दारात उभा राहिलो. दुपारचा दीड वाजला होता. एकाचा पडदा वाचता आला, दुसऱ्यावर मला माझाच चेहरा दिसला.

पहिलाच घेतला : ६ जीबी, १२८ जीबी यूएफएस २.२, ६ नॅनोमीटर. होकायंत्र आहे, गोल फिरून खात्री केली, तेव्हा मालकाने नोकराला 'काकांना बसायला खुर्ची दे' असे सांगितले. जवळिकीचा सेन्सर खरा आहे की नाही हे मात्र विचारायचे राहिले. काल रात्री बहिणीशी बोलताना एकदा 'म्यूट' झाला, पण तो गालाने झाला की माझ्या अंगठ्याने, याचा अजून निकाल लागलेला नाही. पीक पाहणीचे कसे चालते ते खरिपाची नोंदणी सुरू झाली की याच धाग्यावर लिहीन.