टॉकबॅक नको, सिलेक्ट टू स्पीक बघा

तुमच्या आईंना व्हॉट्सअ‍ॅपवरच्या घरच्या ग्रुपमधले मेसेज वाचायला त्रास होतो, काय करावं, असं तुम्ही विचारलंत, आणि वर कोणीतरी टॉकबॅक, म्हणजे अँड्रॉइड फोनमधलं पडद्यावरचं सगळं बोलून दाखवणारं साधन, सुचवलंय. थोडं थांबा. ज्यांना अजिबात दिसत नाही त्यांच्यासाठी ते उत्तमच, पण ते चालू केलं की फोनची सगळी रीतच बदलते. एका टॅपने नुसतं वाचलं जातं, उघडायला दोनदा टॅप, सरकवायला दोन बोटं. माझ्या सासूबाईंनी दहा मिनिटांत फोन माझ्या हातात दिला, "हा बिघडलाय" म्हणून!

नजर अधू असेल तर अँड्रॉइडवर 'सिलेक्ट टू स्पीक' पुरतं. सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटीत सापडेल. कडेला छोटं बटण येतं. ते दाबून मेसेजवर बोट ठेवलं की तेवढाच वाचतो. बाकी फोन होता तसाच.

मात्र आधी सेटिंग्जमधल्या टेक्स्ट-टू-स्पीच आउटपुटमध्ये (लिहिलेलं बोलून दाखवणाऱ्या आवाजाची सेटिंग) जाऊन गुगलच्या इंजिनासमोरचं, म्हणजे वाचणाऱ्या प्रोग्रॅमसमोरचं, दातेरी चक्राचं चिन्ह दाबा आणि मराठी आवाज उतरवून घ्या. आमच्याकडे हिंदी आवाज होता, तो 'चमचा'तला च थेट 'चाचा'सारखा म्हणायचा. वेग थोडा कमीच ठेवा.

आणि ग्रुपवाल्यांना सांगा, देवनागरीत लिहा. "Udya yeto" हे रोमनमध्ये... माफ करा, 'उद्या येतो' इंग्रजी अक्षरांत लिहिलं की यंत्र काहीतरी भलतंच वाचतं. ओळीने दहा इमोजी टाकणाऱ्या भाच्यालाही आवरा, एकेकाचं नाव उच्चारत बसतं ते.