मिटेनवाल्डमार्गे इन्सब्रुक: सोनूच्या दोन दिवसांच्या सहलीविषयी कुटुंबाच्या ग्रुपवर झालेली चर्चा

सोनू (म्युनिक), बुधवार रात्री
सर्वांना नमस्कार. येत्या शनिवारी-रविवारी आम्ही चौघी मैत्रिणी आल्प्समधली गावे पाहायला जाणार आहोत. आमच्यातल्या एकीने आखलेल्या बेताप्रमाणे शनिवारी ऑस्ट्रियातले साल्झबुर्ग आणि हालश्टाट, मुक्कामाला तिथलेच इन्सब्रुक, रविवारी ब्रेनर खिंड ओलांडून इटलीतले बोल्झानो आणि रात्री उशिरा परत म्युनिक, असा क्रम आहे. सोमवारी सकाळी आठ वाजता प्रयोगशाळेत हजर राहायचे असल्याने मला धाकधूक वाटते आहे. दादा, तू चार वर्षे इकडे राहिला आहेस. हे जमण्यासारखे आहे का?

दादा
जमेल, पण तुम्हाला पाहायला काही मिळणार नाही. साल्झबुर्ग एका टोकाला आणि बोल्झानो दुसऱ्या टोकाला आहे, त्यामुळे ऑक्टोबरच्या अखेरीस आधीच लहान झालेल्या दिवसातला निम्म्याहून अधिक उजेड गाडीत आणि फलाटावर जाईल. बोल्झानोला पाच हजार वर्षांहून जुना, बर्फात टिकून राहिलेला ओट्झी नावाचा माणूस संग्रहालयात ठेवला आहे. १९९१ मध्ये तो सापडला आणि त्याला पाहण्यासाठी निवांत अख्खा दिवस द्यायला हवा. माझे ऐकशील, तर या वेळी एकच रेल्वेमार्ग धर. म्युनिकहून गार्मिश-पार्टेनकिर्शेन, तिथून मिटेनवाल्ड, मग सेफेल्डवरून खाली इन्सब्रुक. तुझे जर्मनीचे मासिक तिकीट प्रादेशिक गाड्यांत मिटेनवाल्डपर्यंत चालेल, पुढचे तिकीट वेगळे काढावे लागेल. परतीला हाल इन टिरोल पाहून कुफश्टाइनमार्गे या. कुफश्टाइन ऑस्ट्रियात असले, तरी तिथपासून तुझे मासिक तिकीट पुन्हा लागू होते.

आई
गावे कमी केलीत तर मलाही बरे वाटेल. डोंगरात मदत लागली तर कोणाला फोन करायचा आणि अंगावर काय घालायचे, एवढे दादाने नीट लिहून द्यावे, ही विनंती.

दादा
काकू, ११२ हा क्रमांक युरोपीय संघातल्या सर्व देशांत चालतो आणि ऑस्ट्रियात डोंगरी बचाव पथकासाठी १४० हा वेगळा क्रमांक आहे. फोन लागत नसेल, तर मिनिटातून सहा वेळा शिटी वाजवायची किंवा विजेरी चमकवायची, मग एक मिनिट थांबून पुन्हा तेच करायचे. उत्तरादाखल मिनिटाला तीन इशारे आले, की समजायचे आपला निरोप पोहोचला. मात्र या गावांत त्याची गरज पडण्याचा संभव फार कमी आहे. सोनू, एक गोष्ट आग्रहाने सांगतो: मूळ पासपोर्ट आणि निवास परवाना दोन्ही जवळ ठेवा. हे देश एरवी सीमेवर तपासणी न करणाऱ्या शेंगेन क्षेत्रात असले, तरी ऑस्ट्रियातून जर्मनीत येताना २०१५ पासून तपासणी होते आणि मोबाइलमधला फोटो तिथे चालत नाही. शिवाय रविवारी तिथली दुकाने बंद असतात, तेव्हा खाण्याचे सामान शनिवारीच घेऊन ठेवा.

आत्या
मिटेनवाल्डचे नाव वाचून मला राहवले नाही, म्हणून लिहिते आहे. मी ज्या व्हायोलिनवर गेली बावीस वर्षे रियाज करते, त्याच्या पोटात चिकटवलेल्या कागदी चिठ्ठीवर याच गावाचे नाव छापलेले आहे. हे गाव व्हायोलिनचे कसे झाले, ते मी पूर्वी हौसेने वाचून काढले होते. पंधराव्या शतकात व्हेनिसच्या व्यापाऱ्यांचे टिरोल या आल्प्समधल्या प्रांताच्या राज्यकर्त्याशी बिनसले, तेव्हा त्यांनी बोल्झानोची जत्रा १४८७ मध्ये मिटेनवाल्डला हलवली आणि जवळपास दोनशे वर्षे हे डोंगरातले लहानसे गाव श्रीमंत राहिले. १६७९ मध्ये जत्रा परत गेली आणि गावाचा पोटाचा आधार सुटला. त्याच सुमारास माथियास क्लोत्स हा गावचाच मुलगा इटलीत पादुआला वाद्ये घडवण्याचे काम शिकून आला होता. तो परत येऊन इथेच बसला. त्याने आपल्या मुलांना आणि मग गावातल्या इतरांना हे काम शिकवले, आणि फेरीवाले पाठीवरच्या लाकडी चौकटीत व्हायोलिने बांधून ती दूरदूरच्या गावी विकू लागले. क्लोत्सचा पुतळा तिथल्या चर्चसमोर आहे. सोनू, माझ्या वतीने त्याच्यासमोर हात जोडून ये.

अण्णा (आजोबा)
चिरंजीव सोनूस अनेक आशीर्वाद. दादाने सुचवलेला मार्ग मला मनापासून पसंत आहे, कारण ती रेल्वे पाहण्यासारखीच आहे. मी नोकरीतली बरीच वर्षे कर्जत-लोणावळा घाटात काढली. माझ्या काळी मागून बँकर इंजिने लावल्याशिवाय तिथे गाडी वर चढत नसे, कारण चढ ३७ फुटांना एक फूट असा आहे. मिटेनवाल्डचा मार्ग त्याहूनही उभा आहे. तो १९१२ मध्ये सुरू झाला आणि योझेफ रील या अभियंत्याने तो विजेच्या गाड्यांसाठीच बांधला. आपल्याकडे विजेची पहिली गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटीहून कुर्ल्याला धावली, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या कामाची थोरवी कळते. सेफेल्डनंतर गाडी जवळपास ६०० मीटर खाली उतरते आणि शेवटी मार्टिन्सवांड नावाच्या कड्याच्या पोटातून बोगद्याने जाते. इन्सब्रुकला जाताना उजव्या हाताच्या खिडकीत बस.

सोनू, गुरुवार
अण्णा, आत्या, दादा, तुमचे सगळे निरोप मी मैत्रिणींना इंग्रजीत समजावून सांगितले आणि बेत एकमताने बदलला. खिडकीही ठरली आहे.

सोनू, सोमवार संध्याकाळ
आम्ही सुखरूप परत आलो आणि आज प्रयोगशाळेतही वेळेवर पोहोचले. शनिवारच्या सकाळी एक गडबड झाली. स्टेशनवर पोहोचल्यावर एका मैत्रिणीच्या लक्षात आले, की पासपोर्ट वसतिगृहावरच राहिला आहे. दादाचा निरोप वाचलेला असल्यामुळे आम्ही तिला परत पाठवले. त्यात पहिली गाडी गेली आणि तासभर थंडीत थांबावे लागले, पण रविवारी कुफश्टाइननंतर पोलीस डब्यात चढून चौघींची कागदपत्रे पाहू लागले, तेव्हा तो तास सत्कारणी लागल्याचे सर्वांना पटले.

मिटेनवाल्डला आम्ही दोन तास थांबायचे ठरवले होते आणि पाच तास राहिलो. घरांच्या भिंतींवर संतांची, शेतकऱ्यांची, खोट्या खांबांची आणि कमानींची रंगीत चित्रे आहेत आणि प्रत्येक गल्लीच्या टोकाला कार्वेंडेल पर्वतरांगेचा करडा कडा उभा दिसतो. आत्या, क्लोत्स पुतळ्यातही काम करतानाच दाखवला आहे. मी हात जोडले, तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या एका वृद्ध बाईंनी कारण विचारले. मी तुझ्या व्हायोलिनविषयी सांगितले आणि त्या आम्हाला मागच्या गल्लीतल्या एका कारागिराकडे घेऊन गेल्या.

तिथे जे पाहिले, ते मला सावकाश सांगायचे आहे. खिडकीत तारेवर रोगण न लावलेली चार पांढुरकी व्हायोलिने टांगलेली होती. कारागीर मेपलची जेमतेम एक मिलिमीटर जाडीची पट्टी पाण्यात बुडवून तापलेल्या लोखंडी नळीवर दाबत होता. पट्टी चुरचुरत वाफ सोडायची आणि खोलीभर गोडसर, करपल्या साखरेसारखा वास पसरायचा. तो हातांनी जोर लावत नव्हता, लाकूड आपणहून वळेपर्यंत थांबत होता आणि ते ढिले पडले की बोटभर पुढे सरकवत होता. मग त्याने स्प्रूसची एक फळी उभी धरून बोटाच्या पेराने ठोठावली, तेव्हा ती घंटेसारखी बराच वेळ घुमत राहिली. उंचावरच्या थंडीत झाड हळू वाढते, त्यामुळे त्याच्या वर्षरेषा जवळजवळ येतात आणि असे लाकूड वाद्याच्या वरच्या पाटासाठी निवडतात, असे त्याने सांगितले. या गावात १८५८ पासून व्हायोलिन घडवण्याची शाळा आहे आणि तो तिथेच शिकलेला आहे. चिठ्ठीविषयी विचारल्यावर मात्र तो म्हणाला, की चिठ्ठी कोणीही चिकटवू शकतो, वाद्य कुठले ते लाकूड आणि घडण पाहूनच ठरवावे लागते.

अण्णा, सेफेल्डनंतरचा उतार तुम्ही सांगितलात तसाच आहे. बोगद्यातून बाहेर पडलो आणि उजवीकडे खोल खाली इन नदी, इन्सब्रुकच्या विमानतळाची धावपट्टी आणि दिवे लागलेले शहर एकदम दिसले. डब्यातल्या सगळ्यांचे बोलणे थांबले होते.

इन्सब्रुकमध्ये सम्राट मॅक्सिमिलियनच्या काळातले सोनेरी छत पाहिले. त्यावर सोन्याचा मुलामा दिलेले २६५७ तांब्याचे पत्रे आहेत, पण ते छत मनात होते त्यापेक्षा बरेच लहान निघाले. रविवारी नॉर्डकेटेच्या डोंगरावर रोपवेने जायचे होते, ते मात्र राहिले, कारण रात्रीपासून फ्योन नावाचा वारा सुटला होता. दक्षिणेकडची हवा आल्प्स चढताना आपले पाणी तिकडेच सांडते आणि कोरडी होऊन इकडच्या दरीत उतरताना दर १०० मीटरला जवळपास एक अंशाने तापते. त्यामुळे ऑक्टोबरच्या अखेरीस आम्ही स्वेटर कमरेला बांधून फिरत होतो आणि वरचा रोपवे वाऱ्यामुळे बंद होता. मला त्याचे वाईट वाटले, पण त्या वाऱ्यात डोंगर हाताच्या अंतरावर आल्यासारखे स्वच्छ दिसतात.

मग हालला गेलो. मिठाच्या खाणीच्या जिवावर भरभराटलेले हे जुने गाव अगदी शांत होते. तिथल्या टाकसाळीत १४८६ मध्ये चांदीचे मोठे नाणे पाडले गेले आणि पुढे युरोपभर चाललेल्या थालरची परंपरा तिथून सुरू झाली.

अण्णा
मॅक्सिमिलियनच्याच हाब्सबुर्ग घराण्यातल्या मारिया थेरेसा राणीच्या छापाचा थालर दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आपल्या मुंबईच्या टाकसाळीतही पाडला जात होता. पुढच्या वेळी घरी येशील, तेव्हा फोर्टमधली ती इमारत बाहेरून दाखवीन. बाळ, तू खिडकीत बसून सगळे नीट पाहिलेस, याचा मला फार आनंद झाला.

आई
मैत्रिणीसाठी सगळ्याजणी थांबलात, हे वाचून मी निश्चिंत झाले. आता आधी पुरेशी झोप घे.

आत्या
सोनू, तुझे लिहिलेले मी तीनदा वाचले आणि मग व्हायोलिन पेटीतून काढून खिडकीशी नेले. वरच्या पाटाच्या रेषा इतक्या दाट आहेत की मधोमध त्या मला चष्मा लावूनही मोजता आल्या नाहीत, कडांकडे मात्र त्या विरळ होत जातात. पाठीच्या मेपलवर आडव्या ज्वाळांसारखी नक्षी आहे आणि गळ्याजवळ एक जुनी, कोणीतरी काळजीपूर्वक सांधलेली भेग आहे. उद्या सकाळी चांगल्या उजेडात पाट, पाठ, बाजू आणि ती भेग, असे चारही फोटो काढून तुला पाठवते. त्या कारागिराचा पत्ता घेतला असशील, तर ते त्याला दाखव आणि तो जे सांगेल ते मला जसेच्या तसे कळव.