मुलीच्या लग्नासाठी आठ लाखांचं कर्ज काढावं का?

पिकोफॉल_मिरज
नमस्कार. यांना कुपवाड एमआयडीसीत पगार, हातात ३८ हजार येतात. मी घरी ब्लाऊज शिवते, पिको-फॉल करते, त्याचे सात हजार. घराचा हप्ता ११,२००, शिवाय धाकट्याच्या डिप्लोमाची फी. लेकीचं जमलंय, मुलगा मला मनापासून आवडला. व्याही म्हणाले, "आम्हाला काही नको, फक्त लग्न चारचौघांत शोभेल असं करून द्या." म्हणजे सहाशे पानं, एसी कार्यालय, आदल्या रात्री हळदीचं जेवण. सगळं धरून साडेदहा लाख. गाठीला अडीच आहेत. यांचं म्हणणं, थोरल्या जाऊबाईंच्या लेकीचं तसंच झालं, आपण कमी पडलो तर भावकीत तोंड दाखवायला जागा नाही. बँकेचा कागद टेबलावर आहे, सही राहिलीय. दोन रात्री डोळ्याला डोळा नाही.

हिशेबनीस
ताई, सही करू नका. पर्सनल लोन १२ टक्क्यांनी धरा. ८ लाख, ५ वर्षं, हप्ता १७,८०० च्या घरात. नुसतं व्याज २ लाख ६८ हजारांच्या जवळ जातं. घराच्या हप्त्यासकट महिन्याला २९ हजार गेले, राहिले १६. त्यात किराणा, वीजबिल आणि धाकट्याची फी. एक विचारू? साध्या ब्लाऊजची शिलाई किती घेता?

पिकोफॉल_मिरज
२५० रुपये, अस्तराशिवाय.

हिशेबनीस
म्हणजे नुसत्या व्याजापायी हजारावर ब्लाऊज.

गोदाकाठची
माझ्या लग्नात बाबांनी पतसंस्थेचं कर्ज काढलं होतं. पाच वर्षं ते फेडत होते आणि मला माहेरी जायला लाज वाटायची. लेकीला विचारलंत का? तिला हे ओझं कळू दे.

विटेकर_अण्णा
वहिनी, भावकी तोडून राहता येत नाही, अडीअडचणीला रात्री-अपरात्री तीच धावून येते. माणसं बोलवाच, पण पंगत साधी ठेवा: मसालेभात, पुरी-भाजी, जिलबी, मठ्ठा. चाटचे काउंटर, डीजे, प्री-वेडिंग शूट, एसी काढा, आदल्या रात्रीचं जेवण घरच्यांपुरतं. आमच्याकडे गेल्या वैशाखात देवळाच्या सभागृहात चारशे पानं उठली, कुणी नाव ठेवलं नाही. आणि व्याह्यांना निम्मा खर्च उचला म्हणायला संकोच कशाला? लग्न दोघांचं आहे.

पिकोफॉल_मिरज
काल रात्री वहीत मांडलं. महिन्याचा हप्ता म्हणजे ७१ ब्लाऊज. माझ्याकडून दिवसाला दोन होतात, तेही मान मोडून. वही यांच्यापुढे ठेवली. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुझ्या डोळ्यांना चष्मा लागला तेव्हाच मी बघायला हवं होतं." लेक दाराआडून ऐकत होती. तिला २४ हजार पगार आहे, पण तिचे पैसे घ्यायचे नाहीत हे आमचं आधीच ठरलंय. ती म्हणाली, "आई, त्यांच्याशी आधी मी बोलते." मुलाला तिनं रात्रीच फोन केला.

रविवारी व्याही-विहीणबाई चहाला येतायत. अण्णा, तुमचा मेन्यू वहीत उतरवून घेतलाय. त्या सभागृहाचं भाडं किती पडलं, तेवढं सांगाल का?